बाळंतिणीच्या खोलीची कडी

मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी केंद्रीय श्रम खात्याची निरीक्षक शहराच्या दक्षिणेकडच्या एका फराळाच्या कारखान्यात आली. तक्रार अशी होती की, तिथे काम करणाऱ्या एका तान्ह्या बाळाच्या आईला कामाच्या वेळात दूध काढून ठेवण्यासाठी कायद्याने सांगितलेली खाजगी जागा मिळत नाही. तक्रार फोनवरून आली होती. निरीक्षकेबरोबर मराठीची दुभाषी म्हणून मी होते.

शहर अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं, मध्यम आकाराचं. एक विद्यापीठ, दोन मोठी हॉस्पिटलं आणि हायवेच्या कडेने गोदामांची रांग. कोल्हापूरच्या एका दैनिकात काही वर्षं उपसंपादक म्हणून काम केल्यावर मी इथे आले, आणि भाषेशी संबंधित जे काम मिळालं ते धरलं. सरकारी चौकशांमध्ये हिंदीची गरज बऱ्याचदा पडते, मराठीची क्वचित. बहुतेक वेळा ग्राहकांच्या फसवणुकीची प्रकरणं असतात: मुलाकडे राहायला आलेल्या आजोबांना आलेला खोटा फोन, न मागवलेलं औषध, न संपणारं जिमचं सभासदत्व. श्रम खात्याचं मराठी काम मला तोपर्यंत एकदाही आलं नव्हतं.

दुभाष्याने ऐकलेलं बाहेर सांगायचं नसतं. हे प्रकरण बंद झालं आहे, आणि खाली लिहिलेलं संबंधितांना दाखवून, त्यांच्या परवानगीने लिहिलं आहे. नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

कारखाना म्हणजे पूर्वीचं गालिच्यांचं गोदाम. पुढच्या बाजूला पॅकिंगची लांब टेबलं, मागे कढया, भाजणी दळायचं यंत्र आणि चकल्या पाडायची दोन मशीनं. इथली चकली, चिवडा आणि शेव आसपासच्या चार-पाच राज्यांतल्या इंडियन ग्रोसरीत जाते. मालकीण पुण्याची. पंचवीस वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या गॅरेजमध्ये दिवाळीच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली होती. सगळे कामगार तिला काकू म्हणतात, तिच्या नवऱ्याला काका. हिशेब आणि यंत्रांची दुरुस्ती काकांकडे. कामाला तीसेक माणसं, त्यांत बहुतेक बायका, निम्म्याहून अधिक मराठी. काही जणी मुलांच्या मागोमाग अमेरिकेत आलेल्या आहेत आणि त्यांना इंग्रजी बेताचंच येतं. माझी गरज त्यांच्यासाठी होती.

तक्रारीतली ती आई म्हणजे सांगलीची एक मुलगी. नवऱ्याचं ग्रीन कार्ड झालं आणि तिलाही कामाची परवानगी मिळाली, तेव्हा ती इथे लेबलं लावायला लागली. अमेरिकेत आल्यावर ती एकटी, स्वतः बसने जाते अशी ही पहिली जागा. बाळंतपणाची रजा संपवून बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर ती कामावर परतली. बाळ दिवसा सासूबाईंकडे असायचं. सासूबाई सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या आणि त्यांचं परतीचं तिकीट ठरलेलं होतं. बाळाला पावडरचं दूध पचत नव्हतं, दोनदा डॉक्टरकडे न्यावं लागलं होतं. त्यामुळे दिवसा पंपाने काढलेलं दूधच त्याला दुसऱ्या दिवशी मिळायचं. आणि कारखान्यात दूध कमी कमी निघत चाललं होतं. असंच चाललं तर महिन्याभरात तिला नोकरी सोडावी लागणार होती. हे सगळं तिने निरीक्षकेला सांगितलं, पण ते नंतर.

कायदा फार मोठा नाही. बाळ वर्षाचं होईपर्यंत आईला गरज पडेल तेव्हा दूध काढायला वेळ द्यायचा आणि जागा द्यायची. जागा संडास-बाथरूम नसावी. बाहेरून दिसू नये. आणि तिथे इतर कुणी येऊ नये.

निरीक्षक पन्नाशीची होती, केस आखूड, हातात स्वतःची पाण्याची बाटली. तिने दारात ओळखपत्र दाखवलं, येण्याचं कारण सांगितलं. तक्रार कुणी केली हे सांगता येणार नाही, कुणी केली ते शोधूही नये आणि त्यावरून कुणालाही त्रास देऊ नये, हेही सांगितलं. काकूंनी ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आधी खोली बघा."

आम्ही खोली बघितली. पूर्वीचं लहानसं ऑफिस होतं ते. एक छोटा पलंग, त्यावर धुतलेली गोधडी, टेकायला लोड, कोपऱ्यात लहान फ्रिज, पंप लावायला प्लग. कारखान्याकडच्या काचेवर जुनी इरकली साडी दुहेरी करून लावलेली. टेबलावर बाळंतशोपेची बरणी, डिंकाच्या लाडवांचा डबा आणि झाकलेली वाटी. वाटीत अळिवाची खीर होती.

"पहिल्या दिवसापासून आहे हे," काकू इंग्रजीत म्हणाल्या. "कुणी सांगितलं म्हणून केलेलं नाही."

निरीक्षकेने खोलीचं माप घेतलं, साडी बाहेरच्या बाजूने तपासली. पलीकडचं काही दिसत नव्हतं. दाराला मूठ होती, कडी नव्हती.

कामगारांशी एकेकटीने आणि बंद दाराआड बोलायचं असतं. कारखान्यात बंद दार एवढं एकच होतं, त्यामुळे मुलाखती त्याच खोलीत ठरल्या. पहिल्यांदा त्या सांगलीच्या मुलीला बोलावलं. ती पलंगाच्या कडेला बसली, आम्ही दोघी खुर्च्यांवर. निरीक्षकेने सांगितलं की, इथलं बोलणं इथेच राहील. मी ते मराठीत सांगत होते तोच दार उघडलं.

पॅकिंगवरची एक बाई चहाचे तीन कप घेऊन आली. "गरम आहे, जपून हां मॅडम." निरीक्षकेने आभार मानले, चहा घेता येत नाही म्हणून सांगितलं. बाईने कप टेबलावर ठेवले, मुलीकडे बघून विचारलं, "खीर नाही खाल्लीस अजून?" आणि गेली.

निरीक्षकेने पहिला प्रश्न विचारला. दिवसातून किती वेळा दूध काढावं लागतं? मुलगी उत्तर देणार, तेवढ्यात दुसरी एक जण ताज्या शेवेची बशी घेऊन आली. तिच्या मागून तिसरी आली, ती काही घेऊन आली नव्हती. तिने खोलीचा व्हेंट बंद केला. "गार वारं लागतं तिला," एवढं मला सांगितलं आणि दोघी गेल्या.

चौथ्यांदा दार उघडलं तेव्हा आत नागपूरची मावशी आली. कारखान्यातली सगळ्यांत वयस्क बाई, धणे-जिरं निवडायचं काम तिचं. मुलाकडे राहते. मुलगा आणि सून कामावर गेले की घर खायला उठतं म्हणून ती इथे येते. ती सरळ येऊन मुलीशेजारी पलंगावर बसली.

"काहून घाबरवता तिला?" ती मला म्हणाली. "दूध आटते अशानं."

मी ते इंग्रजीत सांगितलं. निरीक्षकेने मावशीला जायला सांगितलं, मीही ते सांगितलं. मावशी उठली, टेबलावरचे न घेतलेले चहाचे कप तिला दिसले. "पाणीसुद्धा नाही घेत? सोयरीक मोडाले आली का बाई?" हेही मी इंग्रजीत सांगितलं. दुभाष्याला वगळायची मुभा नसते. निरीक्षक पहिल्यांदाच हसली.

मावशी गेल्यावर निरीक्षकेने खुर्ची ओढून दाराला लावली आणि त्यावर स्वतः बसली. मग विचारलं, "तू पंप लावून बसलेली असतेस तेव्हाही हे असंच असतं?"

मुलीने आधी दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "त्या काळजीनं येतात."

सव्वा महिना केव्हाच उलटला होता, तरी कारखान्यात ती बाळंतीणच होती. बाळंतिणीला एकटं सोडायचं नाही हे तिथल्या प्रत्येकीला घरून आलेलं. त्यामुळे तिने दार लोटून घेतलं की कुणी ना कुणी सोबतीला जायचंच. कुणी शतावरी कल्प घेऊन, कुणी पाठीला उशी द्यायला, कुणी नुसतंच बोलायला. जाणारी प्रत्येक जण पंपाची बाटली बघायची. "आलं का?" असं विचारायची. "एवढंच?" असंही. एकीने बाटली उजेडाकडे धरून दुधाचा रंगही बघितला होता. मुलगी ओढणी घेऊन बसायची, आणि पंप लावल्यावर अर्धा वेळ दूध यायचंच नाही.

"घरी येतं," ती म्हणाली. "घरी दार लावून बसते तेव्हा येतं."

"त्यांना येऊ नका असं तू सांगितलंस का?"

"कसं सांगू? मोठ्या आहेत. माझ्यासाठी घरून करून आणतात." मग तिने मला विचारलं, निरीक्षकेला नाही: "ताई, त्यांना काही शिक्षा होईल का?"

मी प्रश्न पुढे दिला. निरीक्षक म्हणाली, कुणाला शिक्षा करण्यासाठी ती आलेली नाही, खोली कायद्याप्रमाणे आहे की नाही एवढंच ती बघते आहे. बाकीच्या मुलाखतींत नवीन काही निघालं नाही. खोलीत जाता का, असं विचारल्यावर प्रत्येकीने हो म्हटलं, आणि ते चांगलं काम केल्यासारखं सांगितलं.

दुपारी पॅकिंगच्या टेबलाशी काकू आणि काकांबरोबर शेवटची बैठक झाली. काकूंचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे. तरी मध्येच त्या मराठीवर आल्या.

"खोली दिली, पलंग दिला, पडदा लावला. खीर माझ्या घरून येते. अजून कायद्याला काय पाहिजे?"

"ती एकटी पाहिजे," निरीक्षक म्हणाली. "दार बंद झाल्यावर आत कुणी जाता कामा नये. मी सकाळी तिथे बसले होते आणि माझ्यासमोर चौघी आल्या."

काकू माझ्याकडे वळल्या. "तुम्हीच सांगा. आपल्यात बाळंतिणीला एकटं सोडतात का?"

दुभाष्याला मत नसतं. मी तो प्रश्न इंग्रजीत केला आणि निरीक्षकेपुढे ठेवला.

"माझी आजीही सोडत नसे," ती म्हणाली. ती केंटकीच्या डोंगरातल्या एका गावची. "पण हा कायदा माझ्या आजीने लिहिलेला नाही."

मग काकांनी एक शंका काढली. पन्नासपेक्षा कमी कामगार असले आणि फारच अडचण होत असेल, तर मालकाला यातून सूट मिळू शकते, असं त्यांनी वाचलं होतं. खरं आहे का? निरीक्षकेने सांगितलं, तरतूद आहे. मात्र अडचण मालकाने दाखवून द्यावी लागते.

"आपण तेहतीस आहोत," काका बायकोला म्हणाले. "अप्लाय करून बघू. सूट मिळाली तर हे रोजचं टेन्शन नको."

"आणि दाखवू काय?" काकूंनी विचारलं. "एक कडी लावणं आपल्याला झेपत नाही म्हणून? दिवाळीला चार राज्यांत चकली पाठवतो आपण. उद्या महाराष्ट्र मंडळात कुणी विचारलं तर सांगू, काकांनी सरकारकडून लिहून घेतलंय की बाळंतिणीला दार देणं आम्हाला परवडत नाही?"

"मी फक्त ऑप्शन सांगितला."

"तो ऑप्शन कॅन्सल करा."

निरीक्षकेने काय काय करायचं ते सांगितलं. दाराला आतून कडी. आत कुणी आहे हे बाहेरून कळेल अशी खूण. आणि कामावरच्या सगळ्यांना स्पष्ट सूचना. दोन आठवड्यांनी ती परत येणार होती. काकूंनी सगळं मान्य केलं. निरीक्षक निघाली. मी कोट घालत होते, तेव्हा काकू टेबलाशी उभ्या होत्या आणि समोर पॅकिंगवरच्या सगळ्या बायका काम थांबवून बघत होत्या.

"फोन कुणी केला, विचारायचं नाही असं मॅडम सांगून गेल्यात," काकू म्हणाल्या. "म्हणून मी विचारत नाही. पण वाईट वाटलं, एवढंच सांगते. माझ्याकडे यायचं होतं."

दोघी-तिघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि मग सांगलीच्या मुलीकडे. ती लेबलांची गुंडाळी हातात धरून उभी होती.

"म्या केला," नागपूरची मावशी म्हणाली.

मावशीला तिच्या मुलाला फोन लावायचा असला तरी कुणीतरी नंबर दाबून द्यावा लागतो, हे तिथे सर्वांना माहीत होतं. इंग्रजीत तिला "थँक्यू" आणि "नो बॅग" एवढंच येतं.

"तुम्ही केला?" काकूंनी विचारलं.

"मंग. सरकारशी बोलली मी. लई बोलली." तिने धण्यांचं सूप पुढे ओढलं. "आता काय हाकलता का मले? हाकला. मग धणे कोण निवडते पाहू."

आधी काका हसले, मग पॅकिंगवरच्या बायका. काकू शेवटी हसल्या, पण हसल्या. त्यानंतर फोनचा विषय कारखान्यात निघाला नाही, असं तिघींनी मला एकेकटीने सांगितलं आहे. फोन खरोखर कुणी केला हे निरीक्षकेने मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

त्या शनिवारी काकांनी कडी बसवली. हार्डवेअरच्या दुकानातली साधी पितळी कडी, आतल्या बाजूला. दाराबाहेर खिळा ठोकून त्यावर एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला हिरवा रंग दिलेली लाकडी पाटी अडकवली. रंग काकूंनी स्वतः दिला, रांगोळीच्या पट्टीने कडा सरळ करून.

पहिले दोन दिवस कडीचा फारसा उपयोग झाला नाही. आत जाता येत नाही म्हटल्यावर बायका बाहेरून दार वाजवायच्या. "बरी आहेस ना ग?" "कडी अडकली तर नाही ना?" "खीर दारात ठेवलीय, आलीस की घे." आतून मुलगी उत्तर द्यायची आणि पंप थांबवायची.

तिसऱ्या दिवशी नागपूरच्या मावशीने स्वतःचं स्टूल उचललं, दाराबाहेर ठेवलं आणि मांडीवर धण्यांचं सूप घेऊन बसली. पाटी तांबडी झाली की ती तिथे येऊन बसायची, हिरवी झाली की उठायची. आता दार वाजवायला येणाऱ्या प्रत्येकीला आधी मावशीशी बोलावं लागे.

"बरी आहे ती," मावशी सांगायची. "मी हाये ना इथं. एकटी कुठं आहे?"

हे वाक्य मी स्वतः ऐकलं, कारण दोन आठवड्यांनी निरीक्षक ठरल्याप्रमाणे परत आली तेव्हा मी तिच्याबरोबर होते. आम्ही पोचलो तेव्हा पाटी तांबडी होती. निरीक्षक दाराकडे गेली, कडी तपासायला. मावशीने हात आडवा केला.

"थांबाले सांग तिले," ती मला म्हणाली. "कायदा हाये."

मी ते इंग्रजीत सांगितलं. निरीक्षक थांबली. आम्ही दोघी पॅकिंगच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिलो आणि आतून कडी निघेपर्यंत वाट बघितली. मुलगी बाहेर आली, तिने भरलेली बाटली पिशवीत ठेवली, आम्हाला बघून हसली. बाटलीकडे कुणी बघितलं नाही. म्हणजे, बघितलं, पण कुणी काही बोललं नाही. एवढा फरक निरीक्षकेच्याही लक्षात आला असावा.

तिने कडी लावून बघितली, काढून बघितली, मुलीशी खोलीत दार लावून बोलली. या वेळी दार उघडलं नाही. निघताना काकूंनी चहाचं विचारलं नाही. खोक्यातून भाजणीचं एक पाकीट काढून निरीक्षकेपुढे धरलं आणि म्हणाल्या, "विकत घ्या. विकत घेतलेलं चालतं ना?" निरीक्षक नाही म्हणाली, या कारखान्यातलं आज तिला विकतही चालणार नाही. मग तिने चकलीचं नाव माझ्याकडून लिहून घेतलं. प्रकरण बंद झाल्यावर ग्रोसरीत जाऊन बघेन, म्हणाली. पुढे तिने ती घेतली की नाही याची माहिती नाही.

प्रकरण एप्रिलमध्ये बंद झालं. सासूबाई ठरलेल्या तिकिटाने सांगलीला गेल्या. त्या दिवसापासून बाळ काकूंच्या शेजारणीकडे असतं. शेजारीण घरीच तीन मुलं सांभाळते. तिच्या फ्रीजरमध्ये आईच्या दुधाच्या पिशव्यांसाठी एक वेगळा कप्पा आहे. बाळाचं उष्टावण सहाव्या महिन्यात कारखान्यातच झालं, पॅकिंगची दोन टेबलं जोडून. मी गेले होते. पहिला घास मामाने द्यायचा असतो. मामा सांगलीला, म्हणून तो काकांनी दिला. मावशीने चमच्यातली खीर आधी स्वतः चाखून बघितली आणि गोड जास्त झाल्याचं सांगितलं.

बाळ वर्षाचं झालं तेव्हा मुलीने पंप परत पेटीत ठेवला. ती अजून तिथेच काम करते. लेबलांचं टेबल आता तिच्याकडे आहे आणि नव्याने आलेल्या दोघींना ती शिकवते. त्यांच्यातली एक ग्वाटेमालाची आहे. तिचं बाळ चार महिन्यांचं. तिला मराठी येत नाही, मावशीला स्पॅनिश येत नाही.

मागच्या महिन्यात मी दिवाळीची भाजणी आणायला कारखान्यात गेले. पाटी तांबडी होती. दार आतून बंद होतं. बाहेर स्टुलावर मावशी धणे निवडत बसली होती.